आखूड भिंतीवरची संख्या

मी एक जुनी संख्या आहे. १९६४ साली एका शाळेच्या जिन्याशेजारच्या भिंतीवर मला निळ्या रंगात लिहिलं. मित्रांनो, मी ७३९३९१३३ होणार होते. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस! एक आणि मी स्वतः, एवढे सोडून कोणत्याही संख्येने भागलं तरी बाकी उरणारच. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. गणिताच्या बाईंनी अख्खी सुट्टी भागाकार करून माझ्याबद्दल खात्री करून घेतली होती.

हेडमास्तरांना तिथे सुविचार हवा होता. ते बाईंच्या हट्टापुढे नमले, पण बजावून, "एक जरी चूक झाली, तर पुसून टाकीन."

पेंटरकाकांनी आकडे हातहातभर उंच, मोठ्या ऐटीत काढले. शेवटच्या ३ ला जागाच उरली नाही.

"बाई, आकडे झकास आलेत हो, पण भिंतच आखूड निघाली!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" हेडमास्तर कडाडले. "आता कसली मूळ संख्या? चुना आणा."

बाईंचा चेहरा उतरला. उरलेल्या ७३९३९१३ ला भाग जातो की नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं. "शनिवारपर्यंत थांबा, सर. भाग गेला तर मीच पुसते."

मग वर्गातल्या मुलींनी भागाकार वाटून घेतले. पाट्या पुरेनात, तेव्हा फरशीवर खडू चालले. हेडमास्तरांनीसुद्धा हळूच तेराने भागून पाहिलं. भाग काही जाईना!

शनिवारी एकच भागाकार उरला, २७१९ चा. तो सगळ्यांत संथ मुलीकडे होता.

"अगं गोगलगाय, उरक की!"

"घाई केली की माझा हातचा हरवतो. गप्प बसा गं."

भिंतीवर माझा जीव टांगणीला. शेवटी तिने मान वर केली. "बाई, २७१९ नेही भाग जात नाही. भागाकार २७१९ च येतो, बाकी ९५२."

"झालं!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "याहून मोठ्या संख्येने भाग गेला असता, तर तिचा जोडीदार, म्हणजे भागाकार, याहून लहान निघाला असता. आणि लहान तर सगळे तपासून झालेत!"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "पेंटर, त्या चुन्याने कुंपण रंगवा."

पुढे याच भिंतीत खिडकी पाडली, मग दार केलं, तेव्हा माझे उजवीकडचे आकडे गेले. ७३९३ उरले. मग ओलीने शेवटचा ३ खाल्ला. आज मी ७३९ आहे, आणि अजूनही मूळच. तुम्हीच भागून पाहा.

हेडमास्तर निवृत्तीच्या दिवशी माझ्यापाशी थोडा वेळ उभे राहिले होते. पेंटरकाका त्यानंतर कायम आधी भिंत मोजत. बाई गेल्या, तेव्हा त्यांच्या वर्गातल्या त्या मुली आपापल्या लेकींना घेऊन इथे आल्या. गोगलगाय घड्याळं दुरुस्त करते. तिच्या दुकानात घाई चालत नाही.

मित्रांनो, भिंत पुन्हा रंगवायची आहे म्हणे. अर्धवट दिसलं म्हणून कशावरही चुना फिरवू नका. आधी एकदा नीट भागून बघा.