मागच्या सीटला वारा

"ही नेकेड आहे," विक्रेतीने सांगितले, आणि क्रेनवाला चटकन दुसरीकडे पाहू लागला.

"अहो, गाडीबद्दल बोलतेय ती," बायको खुर्चीतून म्हणाली. "लाजताय काय? बघा नीट."

त्याने नीट पाहिले. इंजिन, नळ्या, नटबोल्ट, सगळे उघड्यावर. हँडल उंच, त्यामुळे स्वार ताठ बसणार आणि वारा सरळ छातीवर घेणार. शेजारी या गाडीची बहीण उभी होती: समोर आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे चकचकीत कवच, वर वाऱ्याला अडवणारी काच, हँडल खाली, मागची सीट मात्र माळ्यावरच्या फळीसारखी उंच आणि अरुंद. विक्रेती तिला फेअरिंगवाली म्हणत होती. वेगात स्थिर राहते, लांबच्या प्रवासात वाऱ्याने थकवा येत नाही, असे तिचे गुण गात होती.

गेल्याच महिन्यात तो बंदरातल्या क्रेनवरून निवृत्त झाला होता. बाजारहाटाला घरी स्कूटर होती. ही गाडी निव्वळ हौसेची, आणि ती हौस विशीपासून डब्यात घालून ठेवल्यासारखी तशीच्या तशी होती. मुलीने तर बजावलेच होते की बाबांनी भाजीचे वगैरे निमित्त अजिबात सांगायचे नाही.

अडचण एकच. या माणसाला ठरवता येत नसे. त्यात त्याचा दोष नव्हता, कामाचा होता. उंच केबिनमध्ये काचेमागे बसायचे, आणि खाली उभ्या असलेल्या इशारेवाल्याचा हात हलल्याशिवाय हूक इंचभरही हलवायचा नाही, हा तिथला पहिला नियम. आवाज वर पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातांचा. तो नियम घरापर्यंत आला होता. भिंतींचा रंग, मुलीचे कॉलेज, जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यावा की नाही, सगळ्याला तो कुणाच्या तरी हाताकडे बघे. बायकोने सुरुवातीची काही वर्षे चिडून पाहिले आणि मग सोयीचे म्हणून चालवून घेतले.

आजही तो आपल्या जुन्या इशारेवाल्याला सोबत घेऊन आला होता. इशारेवाला त्याच्या दोन वर्षे आधीच काम सोडून बसला होता. गुडघे गेले म्हणून, असे त्यानेच सगळ्यांना सांगितले होते. ठेंगणा, ऐसपैस, बोलण्यात तिखट. दर रविवारी दोघांनी भटकायचे असा बेत होता. बायकोने पहिल्याच दिवशी अंग काढून घेतले होते, तिला तिची हाडे प्रिय होती. त्यामुळे मागची सीट इशारेवाल्याची, हे ठरून गेले होते.

क्रेनवाल्याचे मन फेअरिंगवालीकडे झुकत होते. तिच्या काचेमागे बसले की केबिनमध्ये बसल्यासारखे सुरक्षित वाटे. तसे त्याने बोलूनही दाखवले.

"जन्मभर काचेमागे बसलात," बायको म्हणाली, "आता हौससुद्धा काचेतूनच करा."

त्याने इशारेवाल्याकडे पाहिले. तेवढ्यात त्या गृहस्थाने दोन्ही हात खिशात घातले होते.

"आज मी काही सांगणार नाही. ही तुझी हौस आहे लेका, बोटीतलं खोकं नव्हे."

शेवटी विक्रेतीने फेअरिंगवाली चालवून बघायला काढून दिली. शोरूमसमोरच्या रस्त्याने क्रेनवाला टोकापर्यंत गेला, वळला आणि ऐटीत परत येऊ लागला. इशारेवाला बाहेर, फुटपाथच्या कडेला एकटाच उभा होता. त्याने हात आडवा लांब केला, तळवा खाली.

बंदरात याचा अर्थ एकच. थांब.

क्रेनवाल्याने भर रस्त्यात ब्रेक मारला, दोन्ही पाय टेकवले आणि पुढच्या इशाऱ्याची वाट बघत बसला. मागून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मग त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. क्रेनवाल्याची नजर हातावरून हलली नाही. हात हवेत हळूहळू पुढे सरकला, चाचपडला, विजेच्या खांबाला लागला आणि त्याला घट्ट धरून राहिला. मग एका पायाने फुटपाथची कड शोधली.

त्या कोपराचे प्रत्येक वळण क्रेनवाल्याला पाठ होते. तो हात कुणालाच काही सांगत नव्हता.

त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"कोण, तू का?" इशारेवाल्याने विचारले.

"किती दिसतं तुला?"

इशारेवाला खांब सोडून म्हणाला, "उजेड कळतो. माणूस उभा आहे एवढं कळतं."

"आणि गुडघे?"

"ठणठणीत आहेत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तूही काम सोडून घरी बसला असतास, आणि वहिनींनी मला दारात उभं केलं नसतं. अरे, तुझ्या हुकाखाली माणसं असायची. दिसत नसताना हात कशाच्या जोरावर उचलायचा?"

क्रेनवाल्याच्या दिवाणखान्यात निरोपाच्या समारंभात मिळालेले घड्याळ होते. त्याच्या क्रेनखाली कधी कुणाला खरचटलेही नाही म्हणून दिलेले. जमाखर्च प्रामाणिकपणे मांडायचा तर त्या घड्याळाचे निदान दोन्ही काटे या माणसाच्या नावावर निघत होते. त्याला हे बोलायचे होते. पण खालीवर राहून इतकी वर्षे मुक्याने संसार केलेल्या माणसांना समोरासमोर आभार मानणे जमत नाही. घसा तेवढा खाकरता येतो. तो त्याने खाकरला.

"रविवारचं राहू दे आता," इशारेवाला म्हणाला. "मला फिरवून काय करशील? मला दिसणार काय? वहिनींची समजूत काढ, त्यांना ने."

क्रेनवाल्याने आत जाऊन विक्रेतीकडे दुसऱ्या गाडीची किल्ली मागितली, मित्राला हेल्मेट घातले आणि त्याचा पाय हाताने धरून पायटेकूवर ठेवला. सीट बुटकी होती. इशारेवाला विनातक्रार चढला. टोकापर्यंत गेले, वळले, आणि परतताना क्रेनवाल्याला पाठीमागे कुणीतरी हसत असल्याचे ऐकू आले.

"ही घेतो," त्याने आत येऊन सांगितले.

बायकोने आधी त्याच्याकडे पाहिले, मग दाराशी उभ्या असलेल्या इशारेवाल्या भाऊजींकडे. त्यांचे हात खिशातच होते.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

ती उठली. संसारात पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही.

रविवारी सकाळी ते गावाबाहेर पडले. क्रेनवाला मान वळवून वळवून सांगत होता, डावीकडे तळे आहे, पुढे पूल, पुलाखाली कुणी कपडे धुतेय. इशारेवाल्याने दोनतीनदा हुंकार भरला आणि मग म्हणाला, "जरा गप्प बस ना. इथे कुठेतरी लाकूड कापतायत. ओलं लाकूड आहे."

क्रेनवाल्याला कसलाच वास येत नव्हता. पुढच्या वळणानंतर वखार आली.

आरशात त्याने पाहिले. हेल्मेटची काच वर केलेली, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडे. आपल्या रुंद पाठीमुळे मागे वारा पोचत नाही, हे त्याच्या लक्षात आले. तो सीटच्या कडेला सरकला, खांदा आत घेतला आणि तसाच अवघडून बराच वेळ गाडी चालवत राहिला.