पाहुण्यांचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक म्हातारा सूक्ष्मदर्शक आहे. पितळेची नळी, लोखंडाचा पाय आणि पायाशी एक छोटा गोल आरसा, एवढाच माझा संसार. मला ना वायर आहे, ना बटण. खिडकीतला उजेड मी आरशात धरतो, वर पाठवतो आणि त्या उजेडात ठेवलेली बारीकशी वस्तू कितीतरी पटींनी मोठी करून दाखवतो. जन्मभर हेच केले, पण खरे सांगतो, मला अजून त्याची सवय झालेली नाही.

भिंगे घासणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला कारागीर माझ्या भिंगापायी इतका वेडावला होता, की एक दिवस त्याचा डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "या काचेशीच लग्न करायचं होतं ना, मला कशाला फसवलंत?" तो हसला आणि पुन्हा घासायला लागला. त्याच्या त्या हट्टाची कमाई मी आजही खातो आहे.

तिथून मी एका लहानशा खासगी विद्यापीठात आलो. लहान म्हणजे किती, तर ग्रंथालयात कोणी शिंकले की हिशेबाच्या वर्गातून "जपून रे" असे ऐकू यायचे. विभाग मोजकेच. वरच्या मजल्यावर कायदा आणि संगणक, खाली हिशेब आणि व्यापार, आणि टोकाला, जिन्याखालच्या बोळातून गेले की आमचा जीवशास्त्र विभाग. खिडकीबाहेर एक डबके होते. इतरांना त्याचा वास यायचा, आम्हाला मात्र तो खजिना होता.

सुरुवातीची वर्षे मी पहिल्या टेबलावर मानाने बसलो. कांद्याचा पापुद्रा, माशीचा पंख, कुणाच्या तरी गालाच्या आतली पेशी, काय काय माझ्याखालून गेले! एक दांडगट मुलगा होता, अखंड टिंगल करणारा. त्याने स्वतःच्या रक्ताचा थेंब पाहिला. मग आपल्या टोचलेल्या बोटाला म्हणाला, "सॉरी हं, मला माहीत नव्हतं." मित्रांनो, अशा वेळी माझी पितळी छाती फुगून यायची.

पण नव्याची नवलाई कुणाला चुकली आहे? दिव्यांचे नवे सूक्ष्मदर्शक आले, त्यांच्यामागून पडद्यांचे आले आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथे झुरळे यायची, तीही मला न बघताच जायची. मी खाली उतरायचो तो फक्त 'पाहुणा तासा'ला. आमच्या विद्यापीठाचा एक नियम होता. पहिल्या सत्रात प्रत्येकाने आठवड्यातून एक तास दुसऱ्या विभागात जाऊन बसायचे. सत्र संपताना कुणाला आपला विभाग बदलावासा वाटला तर बदलता यायचा, फक्त घरच्यांची संमती लागायची. नवी यंत्रे आमच्या मुलांना लागत. मग पाहुण्यांना काय द्यायचे, तर हा म्हातारा.

अशीच एका वर्षी हिशेब विभागातली एक मुलगी माझ्यापुढे येऊन बसली. तिने डोळा अगदी चिकटवून आत पाहिले आणि कागदावर चित्र काढले. काळ्या, वाकड्या काड्यांची एक छान रांग. खाली नाव लिहिले, 'पाण्यातील जीव'. आमच्या बाईंनी चित्र पाहिले आणि ओठ दाबून म्हणाल्या, "अगं, ही तुझीच पापणी आहे. इतकं जवळ गेलं की पापणीच दिसते. जरा मागे हो."

सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचे नाव 'पापणी' पडले. मला वाटले, ही काही परत यायची नाही. पण पुढच्या आठवड्यात ती सर्वांच्या आधी हजर. जरा मागे होऊन पाहिले आणि तिला डबक्यातली पाणपिसू दिसली. काचेसारखा आरपार जीव. आतले हिरवे आतडे दिसत होते, काळा डोळा थरथरत होता आणि पाठीशी इवलेसे हृदय धडधडत होते. तिने श्वास रोखला, ते मला जाणवले. तास संपला तरी ती उठेना. बाई म्हणाल्या, "पापणी, दिवा नको मालवायला, याला दिवाच नाही. पण कुलूप लावायचंय मला."

सत्र संपत आले. तिला आता हिशेब नको होता, इथे यायचे होते. पण तिची आई शिवणाच्या कारखान्यात काम करायची आणि तिने मनाशी पक्के ठरवले होते, की मुलीने हिशेब शिकायचा आणि पंख्याखाली बसून नोकरी करायची. घरी विषय काढला की आई म्हणायची, "किडे बघून कुणाचं पोट भरलंय?" पालकांना विद्यापीठात बोलावण्याचा दिवस आला, तेव्हा मुलीने ठरवले, वाद घालायचा नाही, फक्त दाखवायचे.

आई कामावरून थेट आली. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, पर्स काखेत घट्ट. मुलगी नव्या यंत्राकडे वळली, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्याच्या दिव्याने थेंब तापतो, पिसू बिचारी दमते. आपला जुना काढ." मी खाली आलो. मुलीने माझा आरसा खिडकीकडे वळवला. माझा आरसा स्वच्छ आहे ना, याची मला त्या दिवशी फार काळजी वाटली.

आईने डोळा चिकटवला. "काळ्या काड्या दिसतायत," ती म्हणाली. "हेच शिकवतात का?"

मागे कुणीतरी फिसकन हसले. मुलगी मात्र हसली नाही. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, ती तुझी पापणी आहे. माझंही असंच झालं होतं. जरा मागे हो."

आई जरा मागे झाली आणि तिची बोटे पर्सवरून सुटली.

मग ती हळूच म्हणाली, "हे काय हलतंय?"

"हृदय आहे तिचं."

"एवढं भरभर? मशीनच्या सुईसारखं. आणि मोटार कुठंय?"

"मोटार नाही गं. आपलं आपण चालतं."

"आणि पाठीत हे गोल गोल?"

"पिल्लं आहेत. नीट बघ, त्यांनाही डोळे आलेत."

मित्रांनो, माझ्यावर किती जण वाकले असतील, पण त्या आईइतके कुणी स्थिर वाकलेले मला आठवत नाही. दिवसभर सुईच्या टोकाकडे बघणारे ते डोळे होते. आम्ही तिघे एकाच थेंबाभोवती उभे होतो. बाहेर कुणीतरी मोठ्याने हाका मारत होते, पण तिकडे आमचे लक्षच नव्हते.

शेवटी तिने डोळा पुसला आणि मुलीला विचारले, "हिशेबाच्या वर्गात असं काही दाखवतात का?"

"नाही."

"मग इथं पाहुण्यासारखी काय येतेस? इथंच बस." एवढे बोलून तिने पर्स पुन्हा काखेत घेतली. "पण आधी हिला पाण्यात सोडून ये. लेकुरवाळी आहे ती."

दोघी डबक्याकडे गेल्या. काचपट्टी आईने धरली होती, थेंब सांडू नये म्हणून खाली दुसरा हात लावून. मी खिडकीतून आलेला रिकामा उजेड वर पाठवत राहिलो.

मी आजही त्याच फळीवर आहे आणि पाहुणे आले की उतरतो. मित्रांनो, असा एखादा म्हातारा तुमच्याही हाती लागला, तर त्याचे भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका, मऊ कागद घ्या. नळी वर-खाली करणारे चाक हळू फिरवा, ती काचेवर आपटू देऊ नका. थेंबातला जीव पाहून झाला की त्याला त्याच्या पाण्यात सोडून या. आणि पहिल्यांदा डोकावणाऱ्या कुणाला काळ्या काड्या दिसल्या, तर त्याला हसू नका. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, जरा मागे हो.