प्रोषितभर्तृका

‘प्रोषितभर्तृका’मधला सुटलेला रफार तिने लाल शाईने वर चढवला आणि पेन खाली ठेवलं. कोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासून तिचे डोळे शिणले होते.

“अर्थ एवढाच ठेवायचा? नवरा परगावी गेलेली स्त्री?”

“‘आणि त्याची वाट पाहणारी’ असं घाला, ताई,” संपादक म्हणाले. “संस्कृतात बाईच्या स्थितीला शब्दांचा तोटा नाही. नवरा असेल ती सधवा, गेला तर विधवा, टाकली तर परित्यक्ता, सवत आणली तर अधिविन्ना.”

“आणि यांतली कोण, ते तिलाच ठाऊक नसेल तर?”

संपादक चष्मा पुसत राहिले. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा कामासाठी म्हणून गेला तो गेलाच, हे कचेरीत सर्वांना माहीत होतं.

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. दवाखान्याला जन्मदाखला हवा होता, म्हणून संध्याकाळी तिने त्यांची पेटी उघडली. दाखल्याखाली एक घडी घातलेला कागद निघाला. मृत्युदाखला, नवऱ्याच्या नावाचा, तीन वर्षांपूर्वीचा. खबर देणाऱ्याच्या रकान्यात ‘पत्नी’, आणि पुढे एका अनोळखी बाईची सही.

“हा कधी आला?”

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. “तू कामावर होतीस. पोस्टाने आला.”

“मला सांगितलं नाहीत.”

“तू गेली असतीस.” मग बारीक आवाजात, “मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?”

दोन वर्षांपूर्वी छापखान्याच्या फोरमनने तिला विचारलं होतं. आपण लग्नाची बाई आहोत, असं तिने त्याला सांगितलं होतं. मागच्या वर्षी त्याने दुसरीकडे लग्न केलं.

तिने जन्मदाखला पिशवीत ठेवला. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं.

“सकाळी आठला निघायचंय,” ती म्हणाली.

दवाखान्यात नर्सने फॉर्म पुढे केला. “सहीला आजींचा मुलगा नाही आला?”

‘बाहेरगावी असतो,’ हे उत्तर घरात दोघींनाही पाठ होतं. या वेळी तिने ते दिलं नाही.

“मुलगा वारला माझा,” सासूबाई म्हणाल्या. “सही सून करेल.”

आणि त्यांना रडू फुटलं. तीन वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

“आजी, डोळ्यांत पाणी नको हं, औषध घालायचंय,” नर्स म्हणाली.

तिने सही केली, फॉर्म परत दिला.

“थोडं थांबा,” ती म्हणाली. “रडू द्या त्यांना.”