मागून एकजण येतोय

"नळ दुरुस्त करता येतो का हो तुम्हाला?" लाकडाच्या वखारीच्या राखणदाराने विचारलं.

"नाही."

"परवा आले होते, त्यांना येत होता. तुमच्यासारखेच सायकलवर, एकटे. पाठ टेकायला जागा मागितली आणि आधी आमचा गळका नळ बंद करून दिला. काय माणूस!"

धाकट्याने सायकल ओंडक्याला टेकवली. साठी उलटली तरी सगळ्या गोतावळ्यात तो धाकटाच होता. जन्म वीजबिलाच्या खिडकीमागे गेला, आणि निरोपाच्या दिवशी साहेब पाच मिनिटं बोलले ते थोरल्या भावाबद्दल, कारण थोरला त्याच कचेरीत वरच्या खुर्चीवर बसून गेला होता. नोकरी, लग्न, घर, सगळं थोरल्याने आधी केलं आणि वर जास्त चांगलं केलं. सायकलवर मात्र तो बाजारापलीकडे गेला नव्हता. म्हणून धाकटा निघाला होता, थेट समुद्रापर्यंत. "या वयात? आणि झोपणार कुठे?" बायकोने विचारलं होतं. "माणसं आहेत की जगात," तो तोऱ्यात म्हणाला होता.

माणसं होती. फक्त प्रत्येक दारात तो पुढचा आधीच येऊन गेलेला असायचा. शाळेच्या शिपायाने सांगितलं, त्यांनी पोरांना पंक्चर काढायला शिकवलं. पेट्रोल पंपावरचा म्हातारा म्हणाला, काय गळा आहे हो त्यांचा! धाकट्याचा नुसता तिळपापड व्हायचा. जागा मिळायची, अंथरूणही तयार असायचं, पण त्यावर पडलं की डोळा लागायचा नाही. घरदार सोडून एवढ्या लांब यावं, तर इथेही पुढे एक थोरला होताच!

राखणदाराची बायको चटई घेऊन आली. "भाऊ, ते जाताना तुमच्याबद्दल..."

"वहिनी, मी फार दमलोय," धाकट्याने तिला तिथेच तोडलं. त्या माणसाचं कौतुक सुरू झालं की मोठी जांभई द्यायची, हा उपाय त्याने त्या शिपायाच्या शाळेतल्या मुक्कामापासूनच शोधून ठेवला होता.

उजाडताच त्याने सायकल काढली. आज पुढच्याला गाठायचं आणि मागे टाकायचं. एकदा तरी अशा दारात उभं राहायचं, जिथे त्या पुढच्याला कुणी ओळखत नाही. चढावर छातीचा भाता झाला, तरी तो दुपारचं जेवायलासुद्धा थांबला नाही.

दिवस कलताना रस्त्याकडेला एक छोटा दवाखाना लागला. भिंतीशी एक सायकल उभी होती. मागे गुंडाळलेलं अंथरूण, पुढचं चाक पार वाकडं. खोटं कशाला बोला, धाकट्याला आनंद झाला. बरी जिरली, असंही मनात येऊन गेलं.

नर्स दारातच म्हणाली, "आलात एकदाचे! आजोबांनी डोकं खाल्लंय माझं, मागचा आला का, मागचा आला का. शेजारची खाट अडवून ठेवलीय तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

आत एक शेलाटा म्हातारा पडला होता. कमरेचं हाड मोडलेलं, चेहरा मात्र हसरा.

"या, या. एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं, मागून एकजण एकटाच येतोय म्हणून. मला रोज चार दारांवरून परत यावं लागायचं. म्हटलं, तुमचे तरी हाल नकोत. निघताना सगळ्यांना सांगून ठेवायचो. मिळालं ना अंथरूण?"

"मिळालं."

"सगळीकडे?"

"सगळीकडे," धाकटा म्हणाला. त्याचे कान तापले होते.

"वा! आता सायकल बंद, म्हणालेत डॉक्टर. उद्या मुलगी गाडी घेऊन येतेय. एक समुद्र तेवढा राहिला. असो. आता पुढचे तुम्ही."

एवढं गमावूनही हा माणूस असं बोलू शकतो, याचाही धाकट्याला हेवा वाटला. आयुष्यात इतका हेवा त्याला थोरल्याचाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्राचा वास येऊ लागला. बर्फाच्या कारखान्याची राखण करणाऱ्या बाईंनी दार उघडलं.

"कुणी आलं होतं का इथे, माझ्याआधी? सायकलवर?"

"छे हो. तुम्हीच पहिले."

या दोन शब्दांसाठी तो इतका रस्ता तुडवत आला होता. आता ते कानावर पडले आणि त्याने मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"एकटेच आहात?"

"मागून एकजण येतोय," धाकटा म्हणाला. "त्याचीही सोय होईल का?"

"कसा आहे माणूस? नाही, विचारलेलं बरं."

"नळ दुरुस्त करतो. गातोही छान."

बाईंनी दोन गाद्या आणून दिल्या. धाकट्याने त्यातली बरी गादी नीट झटकली आणि समुद्राकडच्या खिडकीखाली घातली. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मग आपली गादी ओढून तो दाराशी आडवा झाला.