चार बोटं सोडून

वाचनालयाच्या टेबलावर नऊ यातागान होत्या: आतल्या बाजूला धार असलेल्या, बाकदार जुन्या तलवारी. म्यानं सात. मुठी आठ हाडाच्या, एक शिंगाची. चार पात्यांवर गावातले जुने कारागीर सुरूरी उस्ता यांच्या पणजोबांचा शिक्का होता, चारांवर परक्या गावांचे. सहाव्या पात्यावर काहीच नव्हतं.

सहावं उस्तांच्या घरचं. पणजोबांनी स्वतःच्या लग्नासाठी घडवलं, असं घरात सांगतात. शुक्रवारी प्रदर्शन उघडणार होतं. सिद्ध झालं तर ते पणजोबांच्या नावाच्या कपाटात जाणार, नाहीतर ‘बाहेरून आलेली’ या कपाटात. धातुशास्त्र शिकून गावात परतलेली मी एकटीच, म्हणून ठरवायचं माझ्याकडे आलं.

“मुठीवरची चांदी बोस्नियाची आहे,” उस्तांची चुलत बहीण हिदायेत आत्या म्हणाली. “शिक्का कुठाय?”

“झिजला,” उस्ता म्हणाले. “दर बकरी ईदला राखेनं घासतो आम्ही.”

“शंभर वर्षं? पातं उरलं हे नशीब.”

“तू तुझ्या नवऱ्याला घास जा. गंज तिथं चढलाय.”

चांदी नंतरही बसवता येते, त्यावरून पातं ठरत नाही, असं मी सांगितलं. “उस्ता, पणजोबांची घडवण्याची काही खोड होती?”

“पोलाद महाग, पोरी. म्हणून पातं लोखंडाचं आणि धारेला पोलादाची पट्टी. मुठीजवळ कोण कापतं? पणजोबा तिथं आपली चार बोटं सोडून पट्टी सुरू करायचे. कंजूष होते.”

“मग खानदान तर पटलं,” आत्या म्हणाली.

लिंबानं पोलाद लोखंडापेक्षा जास्त काळं पडतं. मी दोन लिंबं कापली. आधी शिक्क्याची पाती चोळली आणि वीस मिनिटांनी मुठीपासून काळ्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजलं. पणजोबांच्या चारांत: एकाहत्तर मिलिमीटर, सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. परक्या चारांत पट्टी थेट मुठीपासूनच होती.

मग सहाव्याला लिंबू लावलं. उस्तांनी हात खिशात घातले, काढले, परत घातले.

“नसलं तर?”

“दुसऱ्या कपाटात.”

“ते दारामागे आहे.”

“हो.”

आत्यानं त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही.

वीस मिनिटं झाल्यावर मी पातं पुसलं आणि तीनदा मोजलं. एकाहत्तर. सत्तर. एकाहत्तर.