वेळेत सापडलेला डोळा

डॉक्टरांचं बोलणं वासंतीनं स्वतःच फोन करून धाकट्या जावेच्या कानावर घातलं होतं. "अलका, माझ्या कादंबरीला झालंय ते घरातल्या इतर मुलांनाही होऊ शकतं म्हणे. तुझा मानस सारखा डोळे चोळतो. दाखवून घे एकदा."

मानसलाही केराटोकोनसच निघाला. बुबुळ पातळ होत होत शंकूसारखं पुढे येतं, तोच आजार. पण त्याची नुकती सुरुवात होती. डोळ्यांत पिवळे थेंब घालून वर निळसर प्रकाश सोडला, की बुबुळ घट्ट होतं आणि आजार तिथंच थांबतो. क्रॉस-लिंकिंग म्हणतात त्याला.

कादंबरीच्या डाव्या डोळ्याला ते करता आलं. उजव्याचं बुबुळ मात्र फारच पातळ झालं होतं. वासंती नुसता चष्म्याचा नंबर बदलत राहिली आणि वेळ गेली. तिथं आता पुढेमागे दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवावं लागणार होतं.

मानसचं क्रॉस-लिंकिंग झाल्यावर वासंती कादंबरीला घेऊन गुडगावला गेली. अलकाचा फ्लॅट नवाकोरा, एरवी तोच सलायचा, पण आज वासंतीला सलत होतं ते वेगळंच.

"वहिनी, बिल्कुल वेळेत सापडलं हो!" अलका म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे पोरगा." आणि ती चहा टाकायला आत गेली.

नशीबवान! माझ्या पोरीचा डोळा गेला, म्हणून याचा वाचला. वासंतीनं समोर बसलेल्या मानसकडे पाहिलं.

तेवढ्यात काळ्या चष्म्याखाली मानसचा हात गेला. डोळा खुपत असणार. चोळायचा नाही, हे वासंतीला पाठ होतं. तिनं पाहिलं, आणि ती गप्प बसली. क्षणभरच, पण बसली.

मग तिनं झडप घालून त्याचं मनगट धरलं. "चोळू नकोस!"

पोरगा दचकून रडायला लागला. अलका धावत आली.

"तुम्ही होतात म्हणून, वहिनी!" तिनं वासंतीचा हात घट्ट धरला. वासंतीला तो सोडवून घ्यावासा वाटला.

परतताना बसमध्ये कादंबरीनं विचारलं, "आई, मानसचं माझ्यासारखं नाही ना होणार?"

"नाही होणार."

"अच्छा. चलो, बरं झालं," म्हणून पोर खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या आवाजात हेव्याचा मागमूस नव्हता. वासंतीला मात्र त्या "बरं झालं"ला हो म्हणता आलं नाही. तिनं मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, एवढंच.