तम्मण्णानं नदीत सोडलेलं बीट

या, पुढं सरका जरा. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. कंग्राळीतला एक सोवळा माणूस स्वतःच्याच जिभेमुळं कसा उघडा पडला, ते ऐका.

कंग्राळीत दुर्गाबाई नावाची विधवा राहायची. एक म्हैस, भाताचं एक खाचर आणि घरामागं वीतभर परडं, एवढाच तिचा संसार. तिचा भाऊ रवळू बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. त्यानं एका भाऊबीजेला तिच्या ताटात बीटाच्या बियांची पुडी टाकली. दुर्गाबाईनं शेणखत आणि चुलीतली राख घालून वाफा केला. एकेका दाण्यातून तीन-तीन कोंब आले. दाट झालेले उपटून तिनं त्यांची भाजी केली, बाकीचे वाढू दिले. माघात कंद मुठीएवढे झाले.

माघात गावच्या देवळात कीर्तनाचा सप्ता असायचा. हरिदासबुवांना रोज एका घरी जेवण. दुर्गाबाई नऊ वर्षं पाळी मागत होती आणि नऊ वर्षं पंच तिला म्हणत होते, "पुढच्या साली बघू." या साली चौथा दिवस तिला मिळाला. बाई हरखून गेली. घर दोनदा सारवलं.

पंचांत मोठा तम्मण्णा. कपाळभर गंध लावून तो कीर्तनात पुढं बसायचा आणि डोळे मिटून डोलायचा. निरूपण कशावर झालं ते विचारलंत तर त्याला सांगता यायचं नाही. पण पंगतीत कुणाच्या पानात किती तूप पडलं, ते बिनचूक सांगायचा. असली भक्ती!

तिसऱ्या दिवशी तो परड्याजवळून चालला होता. दुर्गाबाई बुट्टीभर बीट उपटून, एक चिरून बघत होती.

"अगं ए, काय चिरतीयास हे?"

"बीट हाय, अण्णा. उद्या बुवांच्या पानात वाढायला."

"रगात गळतंय की त्यातनं! मसूर न्हाय, गाजर न्हाय, तांबडं म्हणून आमी शिवत न्हाय, आणि तू ह्ये मांसाचं भावंड बुवांना वाढतीस?"

"रताळ्यागतच मातीत येतंय वो."

"साहेबाचं खाणं! गाव बाटवतीस व्हय? तुझी पाळी गेली. बुवा उद्या माझ्या घरात जेवतील. आणि ही बुट्टी मीच नेऊन नदीत सोडतो."

बुट्टी खांद्यावर घेऊन निघाला. नदी गावाच्या खालच्या अंगाला, तम्मण्णाचं घर वरच्या. दुर्गाबाईनं उंबऱ्यातून पाहिलं. त्याचे पाय वरच्या अंगालाच वळले. पण विधवेचं ऐकणार कोण? चिरलेलं एक बीट उरलं होतं, ते तिनं खोबरं घालून परतलं आणि एकटीनं खाल्लं. गोड लागलं, म्हणून जास्तच रडू आलं.

सकाळी गोठ्यामागून बोंब उठली. तम्मण्णा धोतर सावरत देवळाकडं पळत सुटला.

"मेलो रं! लघवीतनं रगात चाललंय! त्या दुर्गीनं करणी केली!"

गाव जमलं. दुर्गाबाईलाही बोलावून उभं केलं. तिला वाटलं, पाळी गेली ती गेली, आता गावातून उठवतात की काय! रवळू कॅम्पातून बहिणीच्या पाळीला म्हणून आला होता. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

बुवांनी विचारलं, "दुखतंय का कुठं?"

"न्हाय महाराज. म्हणून तर लई भ्या वाटतंय."

"काल काय खाल्लंत?"

"ताक आणि भाकरी. सप्त्यात दुसऱ्या कशाला मी हात लावत न्हाय."

बायकांच्या घोळक्यात तम्मण्णाची बायको मालुबाई दोन्ही हात पदराखाली धरून उभी होती. पदराबाहेर बोटाचं एक लालसर टोक दिसलं. तो रंग गावात फक्त दुर्गाबाईला ठाऊक होता.

"मालुवैनी, हात दावा बघू."

मालुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग सावकाश हात पुढं केले. बोटं लालभडक.

"बीट चिरलंय मी. निम्मं कच्चंच खाल्लं त्येनी, गूळ लावून. उरल्याची भाजी. मला चवीलाबी ठिवलं न्हाय."

देवळातल्या घंटेपर्यंत हसू गेलं. रवळू म्हणाला, "बंगल्यावरच्या बटलरला असंच झालतं, अण्णा. बीटाचा रंग हाय त्यो. सांजंपत्तर जाईल. मरत न्हाय तुमी."

बुवांनी उपरणं झटकलं. "दुर्गाबाई, परड्यात काही उरलंय का?"

"लिंबाएवढी हाईत, महाराज."

"मग पान मांडा. मी येतो."

त्या दिवशी बुवांनी डाळ घातलेली पाल्याची भाजी खाल्ली आणि गुलाबी झालेली दह्यातली कोशिंबीर तीनदा मागून घेतली. नारळ खवायला मालुबाई आपण होऊन आली होती. दुर्गाबाईनं तिचं पान बुवांच्या पाठोपाठ वाढलं. तम्मण्णा घरी ताक-भाकरी खात बसला, खरोखरची. संध्याकाळी कीर्तनाला खांबाआड बसला, आणि जन्मात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून.

दुर्गाबाईची पाळी पुढं कुणी काढून घेतली नाही. तिला गाव विसरणार नाही. तुम्ही मात्र एवढं करा. बीट चिरताना बोटं लाल झाली, तर धुवायच्या आधी मालुबाईची आठवण काढा. गावादेखत, नवऱ्यासमोर तिनं तेच हात पुढं केले होते.